इंटेल, स्नॅपड्रॅगन का मॅक? आधी लॅपटॉपला काय काय जोडताय ते बघा

दाजींचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टर्की टॉवेलचं युनिट आहे आणि ऑफिसातल्या लॅपटॉपवर अजून विंडोज १० चालू आहे, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या जनरेशनचा, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. नवीपेठेत चौकशीला गेले तर दुकानदारानं तीन लॅपटॉप पुढं ठेवले, एक इंटेलचा, एक स्नॅपड्रॅगनचा, एक मॅकबुक एअर, आणि तिन्हींना "एकदम फास्ट" म्हणून मोकळा झाला. तिथूनच मला फोन, आता यातलं घेऊ कुठलं?

मी म्हणलं दाजी, एका हुकसंख्येच्या जॅकार्डसाठी (मागावर डिझाइन उठवणारं, भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं यंत्र) पंच केलेली कार्डं वेगळ्या हुकसंख्येच्या जॅकार्डवर चढतात का? नाही ना, डिझाइन तेच असलं तरी सेट नव्यानं पंच करावा लागतो. प्रोसेसरचं तसंच आहे बघा. इंटेल आणि एएमडी दोघांच्या चिपा १९७८ च्या ८०८६ पासून चालत आलेल्या एक्स८६ घराण्यातल्या, तुमचे सगळे जुने प्रोग्राम त्या मापाला पंच झालेले. स्नॅपड्रॅगन आणि ॲपलची एम सिरीज आर्म घराण्यातली, हे घराणं १९८५ ला इंग्लंडात केंब्रिजला एकॉर्न कंपनीत सुरू झालं, वीज कमी खातं म्हणून मोबाइलमध्ये सगळीकडं तेच, आणि आता लॅपटॉपमध्ये घुसलंय.

मग जुना प्रोग्राम आर्मवर चालतो कसा? मध्ये भाषांतर करणारा बसवलाय. ॲपलचा रोझेटा २ बहुतेक सेट आधीच नव्यानं पंच करून ठेवतो, विंडोजचा प्रिझम बरंचसं काम चालत्या मागावर करतो. दोन्ही चांगले झालेत, २०१२ च्या विंडोज आरटीसारखं नाही, त्यात जुने प्रोग्राम चढतच नव्हते म्हणून ते आपटलं.

पण ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेलं मशीन लॅपटॉपला ओळखता-चालवता यावं म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, हा भाषांतरवाला चालत नाही, तो आर्मसाठीच लिहिलेला लागतो, आणि घोडं इथंच अडतं. मित्राच्या स्नॅपड्रॅगन लॅपटॉपला आम्ही त्याच्या गोडाऊनमधला बारकोड लेबल प्रिंटर लावून बघितला, टिंग आवाज आला, बरं वाटलं, मग डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर पिवळा त्रिकोण, म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही. प्रिंटर कंपनीच्या साइटवर एकच जुना सेटअप, तो चालवला, शेवटी "सक्सेसफुल" पण म्हणाला, त्रिकोण जागचा हलला नाही आणि शेवटी लेबलं जुन्या डेस्कटॉपवरूनच काढली. डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन, बोटाचा ठसा घेणारं मशीन, सगळ्यांना हाच प्रश्न, घ्यायच्या आधी एकेकाचा आर्म ड्रायव्हर आहे का बघावं लागतं. यातलं काहीच जोडायचं नसेल, नुसतं ब्राउझर, एक्सेल आणि मीटिंगा असतील तर स्नॅपड्रॅगनची बॅटरी खरंच मस्त आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही.

मॅकबुक एअरबद्दल एक गंमत. दाजींच्या शेडमध्ये कापसाचे तंतू इतके उडतात की जुन्या लॅपटॉपचा पंखा उघडला तेव्हा आतून अक्षरशः गादीचा तुकडा निघाला होता. एअरला पंखाच नाही, म्हणजे या जागेला तोच सगळ्यात लायक (मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत जड काम दिलं तर पंख्याविना स्लो पडेल ते वेगळं). पण हिशेबाचं टॅली प्राइम विंडोजवरच चालतं. "मॅकमध्येच विंडोज टाकून घेऊ की" म्हणणारे भेटतात, त्यांना सांगा की इंटेल मॅकमधलं बूट कॅम्प (मॅकवर विंडोज टाकायची सोय) एम सिरीजमध्ये नाही, पॅरलल्स (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) घेतलं तरी आत बसतं ते आर्मचं विंडोज, म्हणजे ड्रायव्हरचं रडगाणं परत तेच. ॲपलनं १९९४ ला पॉवरपीसी, २००६ ला इंटेल, २०२० ला स्वतःची एम१ असा तीनदा माग बदलला, कारण चिप कुठली घ्यायची आणि सिस्टीम कशी करायची हे दोन्ही तेच ठरवतात. विंडोजला ते जमत नाही, जुनं सगळं चालतं यावरच तर त्यांचं गिऱ्हाईक टिकून आहे.

राहिलं इंटेल-एएमडी. बॅटरीत मार खायचे, पण २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० व्ही सिरीजनं बरीच भरपाई केली, फक्त त्यात रॅम चिपसोबतच बसवलेली असते, नंतर वाढत नाही, म्हणून घेतानाच १६ जीबी किंवा जास्त. दाजींना बॅटरीची गरज नाही, लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही, त्यांना मी रॅमचा स्लॉट असलेला साधा एएमडी सांगितला.

भाची मेकॅनिकलला आहे, तिचं डिझाइनचं सॉफ्टवेअर सॉलिडवर्क्स विंडोजचंच, तिलाही हाच सल्ला. कॉम्प्युटर ब्रँचला असती तर मॅक घे म्हणलो असतो.

जुना लॅपटॉप फेकू नका, एसएसडी टाका आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम चढवा, ताईला व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब आणि लिब्रे ऑफिसपुरता आरामात चालेल, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंगही होतं, टॅली मात्र विसरा.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पंख्यातल्या कापसाचं काय?" म्हणलं महिन्यातून एकदा मशीन बंद करून ब्लोअर मारा, लांबून. तर म्हणे, "मागाला रोज मारतोय, त्यात ह्याला एक."