मॅरेथॉनचा सराव : शिवलेला स्पोर्ट्स हिजाब की गुंडाळलेला स्कार्फ?

पाच-सात किलोमीटरपर्यंत दोन्ही चालतात. फरक कळतो तो २५-३० किलोमीटरच्या लाँग रनला.

गुंडाळलेल्या स्कार्फचा फायदा म्हणजे घट्टपणा आपल्या हातात असतो, थंडीत उबही मिळते. पण आतली टोपी धरून कापडाचे दोन-तीन थर होतात. त्यात सुती कापड असेल तर ते घाम पिऊन जड होतं आणि मागे सरकत राहतं. पिना तर नकोच. धावताना उघडली की मानेत टोचते. टोकं टी-शर्टच्या आत खोचा.

पॉलिएस्टर-इलॅस्टेनचा शिवलेला हिजाब एका थराचा असतो, लवकर वाळतो. डोक्यावर पाणी ओतलं तर ते उडून जाताना गारवाही देतो. त्याची खोड हनुवटीखालच्या शिवणीत आहे. वाळलेल्या घामाचं मीठ आणि शिवण मिळून कातडी सोलवटते. म्हणून निघण्याआधी हनुवटीखाली, कानामागे आणि केसांच्या कडेला पेट्रोलियम जेली लावावी.

माप घेताना हनुवटीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. मान दोन्ही खांद्यांकडे वळवून, घोटभर पाणी पिऊन बघा. अंबाडा मानेजवळ, खाली बांधा. उंच अंबाडा हिजाब मागे ओढतो.

लांब पल्ल्याला आमचं मत शिवलेल्याच्या बाजूने. मात्र धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर बसला की कापड घाम शोषेनासं होतं. आणि ४२.१९५ किलोमीटरच्या दिवशी कोरा हिजाब नको, निदान दोन लाँग रन झालेलाच घाला.