सेफ्टी लावलेली होती, तरी गोळी सुटली

वडील गेले तेव्हा त्यांच्या नावावर एक एकनाळी बाराबोर बंदूक होती. तिच्या नळीला गंज चढलेला आणि दस्ता तारेने बांधलेला. लायसन माझ्या नावावर होईपर्यंत दोन खरीप निघून गेले. ते हाती आलं तेव्हा डोक्यात एकच होतं, आता चांगली रायफल घ्यायची. इथूनच माझ्या मूर्खपणाला सुरुवात झाली.

आमचं वावर पांढरकवड्याच्या बाजूला, टिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब नाही. तूर शेंगांवर आली की डुकरं आणि हरभरा वाढला की रोही (नीलगाय), हा दरवर्षीचा नेम. काही जणांनी झटका मशीन (कुंपणाच्या तारेतून विजेचा झटका देणारी) लावली, काहींनी जुन्या साड्या बांधल्या, बाकीचे जागलीवर. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरावर गोळी घालायची तरी वनखात्याची परवानगी लागते, लायसन आहे म्हणून बार काढता येत नाही. त्यामुळे जागलीवरची बंदूक म्हणजे निम्मी सोबतच. बाकी काम टॉर्च, डबा आणि घसा करतात. पण अंधारात वाघाचा वास आल्यासारखं वाटलं की हातात काहीतरी असावं वाटतं, ते जागल केलेल्यालाच कळेल.

ओळखीतून एका बंदूक दुरुस्तीवाल्याचं नाव कळलं. त्याचं शहर सांगत नाही, नावही नाही, कारण कागदावर तो कुठेच नाही. ते पुढे येईलच. त्याच्याकडे ३१५ बोअरची एक रायफल ठेवणीला होती. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची, बोल्टची (म्हणजे दांड्याचा खटका मागेपुढे करून गोळी भरायची), पाच गोळ्यांचं मॅगझिन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, ३०३ हे लष्करी काडतूस असल्याने त्या बोअरचं लायसन साध्या माणसाला मिळत नाही. म्हणून आपल्याकडे ३१५ चालते. ली-एनफिल्ड या जुन्या इंग्रजी लष्करी रायफलच्या घाटणीचीच, फक्त काडतूस वेगळं.

"मालगुजाराच्या वाड्यातली आहे भाऊ, चार गोळ्याही चालल्या नसतील," तो म्हणाला. विदर्भात जुनी वस्तू विकायची असली की मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, वाडा निघतोच. पलंग असो, हंडा असो की रायफल.

आता त्याने दाखवलं कसं ते नीट सांगतो, कारण सगळी फसवणूक त्या एका मिनिटात झाली.

या रायफलची सेफ्टी, म्हणजे चुकून बार सुटू नये म्हणूनची कळ, डाव्या अंगाला, बोल्टच्या मागच्या टोकाशी असते. बोटभर लांबीची पट्टी. मागे ओढली की सेफ, पुढे ढकलली की फायर. त्याने मॅगझिन काढलं, चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) दाखवला, रिकामा. बोल्ट पुढे घालून दांडा खाली पाडला. पट्टी मागे ओढली. रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ओढा चाप. जोर लावून ओढा. हत्तीनं ओढला तरी पिन पडणार नाही." पिन म्हणजे काडतुसावर आदळून गोळी सोडणारी सळई.

मी ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला, काही नाही. मी खूश.

मग बोल्ट उघडायला गेलो तर दांडा हलेना. या जातीच्या रायफलमध्ये सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो. "थांबा, मी दाखवतो," म्हणत त्याने रायफल माझ्या हातातून घेतली आणि एकाच झटक्यात पट्टी पुढे, दांडा वर, बोल्ट मागे. खटाक-खट. हात असा चालला की मी मनात म्हटलं, काय सफाई आहे. त्या खटाक-खटमधला पहिला खट कशाचा होता, ते मला पाच महिन्यांनी कळलं.

चापही हलका होता. बाराबोरवर वाढलेल्या बोटाला तो लोण्यासारखा वाटला. "नेमबाजीवाल्यांसारखा करून घेतलाय मालकानं," तो म्हणाला. मी त्यालाही गुण समजलो.

भाव ७० हजारांपासून सुरू होऊन ५५ हजारांवर तुटला. रायफल एका वयस्कर बाईंच्या नावावर होती, नवऱ्यामागे आलेली. व्यवहार थेट त्यांच्याशी दाखवायचा, असं त्याने सुचवलं. लायसनवाल्याने लायसनवाल्याला हत्यार विकायचं तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. ते सगळं त्याने बिनचूक करून दिलं. त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला. जो माणूस पोलीस ठाण्याचा शिक्का वेळेवर आणतो तो लबाड कसा असेल? पावतीवर मात्र २० हजार लिहिले आणि "रायफल जशी आहे तशी बघून, पसंत करून घेतली" असं एक वाक्य. उरलेले ३५ त्याच्या गल्ल्यात, रोख. बायकोने पावती वाचून विचारलंही, "बाकीच्याचा कागद कुठाय?" मी म्हटलं, अशा व्यवहारात असंच असतं.

माघ महिन्यातली गोष्ट. मचाणाखालच्या खोपीत मी आणि पुतण्या. हरभऱ्यात रात्री दोनदा रोही आले आणि टॉर्चने गेले. रायफल भरलेली, सेफ्टी मागे, भिंतीला टेकवलेली. मध्यरात्री केव्हातरी मी ती मांडीवर घेतली आणि खात्री म्हणून चाप ओढून पाहिला. हो, भरलेल्या रायफलचा. लिहितानाही अंगावर काटा येतो. पण दुकानात तोच धडा मिळाला होता ना, सेफ्टी आहे का पाहायचं तर चाप ओढा. ओढला, काही झालं नाही, समाधानाने परत ठेवली.

पहाटे निघताना रिकामी करायला घेतली. बोल्ट उघडायचा तर सेफ्टी पुढे करावीच लागते. नळी खाली मातीकडे होती. हे एक वडिलांनी लहानपणी कानफटात मारून शिकवलं होतं, तेवढंच उपयोगी पडलं. अंगठ्याने पट्टी पुढे ढकलली. बोट चापावर नव्हतं, चापाच्या आसपासही नव्हतं.

खोपीच्या आत ३१५ चा बार काय असतो ते सांगून कळणार नाही. कानात शिट्टी, डोळ्यांत माती. पुतण्याची चप्पल जिथे होती तिथून वीतभर अंतरावर जमिनीत भोक. तो चप्पल घालायलाच वाकत होता.

"काका, लागलं का जी तुम्हाले?" तो मलाच विचारत होता.

त्याच दिवशी ठाण्यात जाऊन लेखी दिलं. फौजदारांनी वाचून वर पाहिलं आणि म्हणाले, "बोट होतं का चापावर?" मी नाही म्हटलं. "सगळे तसंच म्हणतात," ते म्हणाले. त्यांचंही खरंच आहे.

रायफल नागपूरच्या एका जुन्या कारागिराकडे नेली, तो या व्यवहारातला नव्हे. सत्तरीचे गृहस्थ, चष्म्यावर आणखी एक भिंग. त्यांनी काही खोललं नाही. रिकामी केली, बोल्ट बंद केला आणि मला म्हणाले, "मागं पाहा, बोलू नका." बोल्टच्या मागे खाचांचा एक पोलादी तुकडा बाहेर आलेला असतो. कॉकिंग पीस म्हणतात त्याला, पिन त्यालाच जोडलेली. रायफल चढवलेली, म्हणजे स्प्रिंग ताणून बार काढायला तयार, असली की तो मागे ताठ उभा. त्यांनी पट्टी मागे ओढली. चाप ओढला. तुकडा पुढे सरकला. किती, तर केसभर. चाप सोडला. मग दांड्याला हात न लावता फक्त पट्टी पुढे केली. खट. तुकडा पुढे जाऊन बसला, पिन पडली.

"पहिला खट हाच," मी म्हटलं. त्यांना अर्थातच कळलं नाही मी काय म्हणतोय.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं. चढवलेल्या रायफलमध्ये तो तुकडा एका छोट्या दातावर अडून असतो, सियर म्हणतात त्याला. चाप ओढला की दात खाली जातो, तुकडा सुटतो, पिन काडतुसाच्या टोपीवर आदळते. चांगली सेफ्टी चापाला नाही, थेट त्या तुकड्याला धरते. नुसती धरत नाही, तर त्याला किंचित मागे खेचून दातापासून सोडवते. मग चाप कितीही ओढा, दात रिकामा खाली-वर होतो आणि परत आपल्या जागी येऊन बसतो. सेफ्टी काढली की तुकडा पुन्हा त्याच दातावर टेकतो. माझ्या रायफलमध्ये सेफ्टीचा खिळा झिजलेला, शिवाय कोणीतरी खोलून पुन्हा बसवताना त्याचे आटे चुकीच्या जागी धरलेले. त्यामुळे तुकडा मागे खेचलाच जात नव्हता, आहे तिथेच अडत होता. त्यात दाताचं टोक कानशीने घासलेलं, चाप हलका करायला. म्हणजे चाप एकदा ओढला की दात खाली, तुकडा केसभर पुढे, आणि दाताला परत वर यायला जागाच नाही. आता पूर्ण भार सेफ्टीवर. ती काढली की गोळी. मध्यरात्री ओढलेला चाप पहाटेपर्यंत त्या रायफलमध्ये जमा होता म्हणा.

खोलल्यावर दात दाखवला भिंगाखाली. सगळं जुनं पोलाद काळपट आणि टोकाशी कानशीच्या आडव्या रेघा, वरून काळं रसायन फासलेलं. नखाने खरवडलं तर खाली चकचकीत. कारखान्याचं काम असं नसतं, ते म्हणाले. हे अलीकडचं होतं.

मग मी दुकानातला तो झटका त्यांना करून दाखवला. पट्टी पुढे आणि दांडा वर, एकाच हालचालीत. ते हसले. म्हणाले, माउझर असती तर हा डाव जमला नसता. जर्मन माउझरमध्ये बोल्ट उघडताना स्प्रिंग चढते. पिन पडलेली असेल तर दांडा उचलायला जड जातो, हाताला लगेच कळतं. ली-एनफिल्डच्या जातीत स्प्रिंग बोल्ट पुढे घालताना चढते, म्हणून पिन पडलेली असो की नसो, दांडा जवळपास तसाच हलका उठतो. आवाजात आवाज मिसळला की गिऱ्हाईक गेला.

त्यांच्याकडे एक जुनी १८९८ च्या घाटणीची माउझर ठेवणीला होती. तिची सेफ्टी पाहून मला आपल्या ३१५ चा थोडा रागच आला. बोल्टच्या मागे एक पंख, तीन जागांवर फिरणारा. डावीकडे पाडला तर फायर. उजवीकडे पाडला तर पिनही बंद, बोल्टही बंद. आणि मधे उभा ठेवला तर पिन बंद पण बोल्ट उघडतो. म्हणजे सेफ्टी न काढता एकेक काडतूस बाहेर. माझ्याकडे ती मधली जागा असती तर खोपीत भोक पडलं नसतं. ज्या रायफलींना फक्त दोनच जागा आहेत आणि सेफ्टीने बोल्ट अडकतो, त्यांना रिकामं करायला फायरवरून जावंच लागतं. काही रायफलींची सेफ्टी तर नुसता चापच अडवते, पिनेला हातही लावत नाही. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कंपनीने १९८२ मध्ये आपल्या रायफलीतली बोल्ट अडकवायची सोय काढूनच टाकली, सेफ्टी लागलेली असताना रिकामी करता यावी म्हणून. हे सगळं ते गृहस्थ चहा पिताना सांगत होते आणि मी पावतीवरचं ते "बघून, पसंत करून" आठवत होतो.

परत दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने रायफलला हात लावला नाही. "भाऊ, मी विकली का तुम्हाला? कागद काढा." कागद काढला. विकणारी बाई, घेणारा मी, रक्कम २० हजार. वकिलांकडे गेलो तर तेही कागद उलटसुलट पाहून म्हणाले, यात हा माणूस कुठे आहे? त्या बाईंना शोधून भेटलो. भांडायलाच गेलो होतो. त्यांनी आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की त्यांच्या हातात २० हजारच आले. त्यांच्या यजमानांनी रायफल कधी खोललीसुद्धा नव्हती, चाप हलका करणं तर दूरच. मी ५५ म्हटल्यावर त्या कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत.

दात कोणी घासला ते मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी आरोप करत नाही. ती त्याच्या दुकानात किती दिवस होती, ते मात्र त्याच्या ठेवणीच्या वहीत असेल.

नवा दात, नवा खिळा, आटे नीट बसवून रायफल आता बरी आहे. चाप जड झाला आहे आणि मला तो जडच आवडतो. जागलीवर नेणं जवळपास बंद केलं, यंदा झटका मशीन घेतली. नेलीच तर चेंबर रिकामा, गोळ्या मॅगझिनमध्ये.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. दुरुस्ती झाल्याचं त्याला माहीत नसावं. "भाऊ, नाराजी नको. ती रायफल मी २५ ला परत घेतो. वणीकडचं एक गिऱ्हाईक आहे. फक्त खोलू-बिलू नका, आहे तशीच आणा."

मी म्हटलं, आणतो. पण त्या गिऱ्हाइकासमोर सेफ्टी मागे करून चाप ओढायचा, सोडायचा, मग दांड्याला हात न लावता सेफ्टी पुढे करायची. एवढं करून दाखवाल?

त्याने फोन ठेवला.