प्रौढांसाठी हॅलोविनची वेशभूषा: 500 रुपयांत ममी, हडळ की बडग्या?

31 ऑक्टोबरच्या रात्री हॅलोविन साजरा करण्याची पद्धत नागपुरातील सोसायट्या, कार्यालये आणि मित्रमंडळींमध्ये आता चांगलीच रुळू लागली आहे. लहान मुलांचा पोशाख सहज मिळतो, कारण शाळांच्या स्नेहसंमेलनांमुळे तो बाजार पूर्वीपासून आहे. अडचण होते ती मोठ्यांची. त्यांच्या मापाचे तयार पोशाख मोजके असतात, त्यांचे कापड बहुधा पातळ पॉलिस्टरचे असते, आणि एका रात्रीनंतर ते कपाटात पडून राहतात. म्हणून रंगभूषेसह एकूण 500 रुपयांच्या आत, घरात असलेल्या वस्तूंचा पुरेपूर उपयोग करून कोणते रूप घ्यावे, याचा विचार येथे केला आहे. पर्यायांची तुलना करताना चार गोष्टी पाहिल्या आहेत: खर्च किती, तयारीला वेळ किती, तो वेश घालून तीन-चार तास बसता, जेवता आणि दुचाकीवरून जाता येते का, आणि आपण कोण आहोत हे समोरच्याला न सांगता कळते का. यातली शेवटची कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जो वेश समजावून सांगावा लागतो, त्यावर केलेला खर्च कितीही कमी असला तरी वाया गेलेलाच असतो.

घरी केलेला वेश म्हणजे दुय्यम वेश, असे मानण्याचे काही कारण नाही. या सणाची मुळे केल्टिक लोकांच्या साउन नावाच्या ऋतुबदलाच्या सणाशी जोडली जातात. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये या रात्री वेश पालटून, तोंडाला काजळी फासून घरोघर फिरण्याची प्रथा होती, आणि त्यासाठी लागणारे सगळे साहित्य घरातलेच असे. कंदीलही सलगमासारखे कंद कोरून केले जात. एकोणिसाव्या शतकात तिथले स्थलांतरित अमेरिकेत गेल्यावर कंदांची जागा भोपळ्याने घेतली. तयार पोशाखांचा बाजार त्यानंतर बऱ्याच काळाने उभा राहिला.

विकत, भाड्याने की घरी, हा पहिला निर्णय. ऑनलाइन मागवलेला पोशाख वेळ वाचवतो, पण सगळ्यांना एकच माप या तत्त्वावर शिवलेला झगा उंच माणसाच्या गुडघ्याशी संपतो, आणि दिवाळीच्या सुमारास पार्सले उशिरा येण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानांत मोठ्यांच्या मापाचे प्रामुख्याने ऐतिहासिक आणि पौराणिक कपडे असतात. तेथे भाड्याशिवाय अनामत रक्कम ठेवावी लागते आणि डाग पडल्यास त्यातून पैसे कापले जातात, म्हणजे नकली रक्ताचा विचारच सोडावा. तरीही एका रूपासाठी मी भाड्याचाच सल्ला देईन: नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात अडकून पडलेला सरदार. अंगरखा, शेला आणि पगडी या तीन वस्तू भाड्याने आणाव्यात, चेहरा पांढुरका करून डोळ्यांखाली काळसर छटा द्यावी, एवढ्यावर काम होते. शिवण्याच्या भानगडीत पडायचे नाही आणि संध्याकाळी सातला तयार होऊन आठला निघायचे, अशांसाठी हा उत्तम मार्ग आहे. दिवाळीपासून झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो. ऐतिहासिक पोशाखांना त्या काळात मागणी असू शकते, त्यामुळे आठवडाभर आधी विचारून ठेवणे बरे.

बाकी सर्व रूपे घरीच करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यांत खरी स्पर्धा ममी, हडळ आणि बडग्या (नागपूरच्या मारबत मिरवणुकीतला, त्या वर्षीच्या दुखण्यावर टीका करणारा पुतळा) या तिघांची आहे.

ममी हे रूप जगात कुठेही ओळखले जाते आणि नीट केल्यास ते सर्वांत स्वस्तही पडते. मात्र अनेक जण पातळ कागदाच्या गुंडाळ्या किंवा दवाखान्यातली बँडेजे अंगाभोवती गुंडाळतात, आणि तिथेच फसतात. कागद पहिल्या घामाला फाटतो, बँडेज संपूर्ण अंगासाठी घ्यायचे तर महाग पडते, आणि दोन्हींमध्ये एकदा गुंडाळल्यावर स्वच्छतागृहात जाण्याची सोय राहत नाही. योग्य पद्धत अशी की जुना पांढरा कुर्ता आणि पायजमा पाया म्हणून घ्यावा आणि त्यावर पट्ट्या शिवाव्यात. पट्ट्यांसाठी जुनी सुती डबल चादर पुरते. ती नसेल तर गांधीबागेच्या कापडबाजारातून मांजरपाट, म्हणजे साधे कोरे सुती कापड, आणावे, पण काही ठोक दुकाने कापड मीटरने देत नाहीत, हे लक्षात ठेवून किरकोळ विक्रेत्याकडे जावे. कापड कात्रीने कापू नये. काठाला छोटी चीर देऊन हाताने फाडल्यास सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटते आणि कडांना आपोआप दोरे सुटतात, जे कात्रीने कधीच साधत नाही. पट्टी पाच-सहा सेंटिमीटर रुंद असावी. चार लिटर पाण्यात आठ-दहा चमचे चहापत्ती आणि चमचाभर मीठ उकळून, गाळून, त्यात पट्ट्या अर्धा तास बुडवाव्यात आणि पिळल्यावर न झटकता चुरगळलेल्याच वाळत घालाव्यात. चुण्यांमध्ये रंग जास्त धरतो आणि जुनाट डागांसारखा दिसतो. पॉलिस्टर मिसळलेली चादर चहाचा रंग घेत नाही, म्हणून कापडाचा एक कोपरा आधी बुडवून पाहावा. वाळलेल्या पट्ट्या कुर्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीवर हाताने टाकून घ्याव्यात, मधे सैल सोडाव्यात आणि काही टोके लोंबू द्यावीत. हातांवर पट्टी मनगटापर्यंतच ठेवावी, म्हणजे बोटे मोकळी राहून जेवता येते. दोन संध्याकाळींचे काम आहे, पण दोरा आणि तोंडाभोवतीच्या जाळीदार पट्टीखेरीज खर्च जवळजवळ नाही. हेल्मेट घालून स्कूटरवर जाण्यासही हा वेश सर्वांत सोयीचा आहे, कारण चेहऱ्याची पट्टी पोहोचल्यावरही बांधता येते.

हडळ या तुलनेत तासाभरात उभी राहते. टोकदार काळी टोपी आणि झाडू घेतलेली पाश्चात्त्य चेटकीण आणि आपली हडळ यांत निवड करायची झाल्यास मी निःसंकोच हडळीच्या बाजूने आहे, कारण त्या चेटकिणीसाठी टोपी, काळा झगा, झाडू असे सगळे जमवावे लागते, तर हडळीला आजीचे जुने सुती लुगडे आणि मोकळे केस पुरतात. शिवाय तिच्यापाशी असे एक लक्षण आहे की मराठी माणूस ती दिसताच ओळखतो: उलटी पावले. ती करण्यासाठी त्वचेच्या रंगाचे जुने मोजे चिंध्यांनी भरावेत, बोटांच्या जागी दोऱ्याने आवळून पाच फुगवटे पाडावेत आणि ते मोजे सपाट सँडलच्या मागच्या पट्ट्याला, बोटे मागे राहतील असे घट्ट शिवावेत. लुगडे पुढून जमिनीला टेकेल इतके खाली नेसावे, जेणेकरून खरी बोटे झाकली जातील, आणि मागून चार बोटे वर ठेवावे. चालताना ही पावले पायाबरोबर हलतात, म्हणून परिणाम साधतो. परकराला शिवलेली पावले मात्र नुसती फरपटतात. हे सँडल कार्यक्रमाच्या ठिकाणीच घालावेत. दुचाकीवर किंवा जिन्यावर ते धोक्याचे आहेत, आणि मोकळा पदर चाकात अडकण्याचा धोका तर कोणत्याही साडीला असतोच. पुरुषांना याच वळणाचा वेताळ करता येईल. धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि राखेच्या रंगाचा चेहरा एवढे त्याला पुरे होते.

येथे एक गोष्ट गांभीर्याने सांगणे आवश्यक आहे. जादूटोण्याच्या संशयावरून खऱ्याखुऱ्या बायकांचा छळ झाल्याच्या घटना आपल्या राज्यात घडल्या आहेत, आणि 2013 मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. म्हणून हडळ गोष्टीतलीच राहू द्यावी, आणि कोणत्याही आदिवासी समाजाचा पोशाख, दागिने किंवा गोंदण तिच्या अंगावर घालू नये. त्याने विनोद साधत नाही, माणसे मात्र दुखावतात.

सांगाडा आणि ड्रॅक्युलासारखा रक्तपिपासू सरदार ही दोन रूपे थोडक्यात आटोपता येतील. काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या इन्सुलेशन टेपने छातीचा पिंजरा काढला की सांगाडा तयार होतो. माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या असल्या तरी टी-शर्टवर सहा-सात पुरतात. खर्च नगण्य, वेळ अर्धा तास, पण अशी रात्र असते तेव्हा चार सांगाडे आधीच हजर असतात. रक्तपिपासू सरदाराचा झगा घरी चांगला होत नाही आणि विकतचा स्वस्त मिळत नाही, म्हणून 500 रुपयांच्या मर्यादेत तो मी सुचवणार नाही.

आता बडग्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपूरच्या जुन्या वस्त्यांतून मारबतींची, म्हणजे मोठ्या स्त्रीरूपी पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगितली जाते. ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत निघणाऱ्या या मिरवणुकीत महागाई, भ्रष्टाचार, रोगराई अशा त्या-त्या वर्षीच्या दुखण्यांचे बडग्ये असतात आणि शेवटी त्यांचे दहन होते. वाईटाला आकार देऊन, त्याची मिरवणूक काढून त्याला गावाबाहेर घालवणारे शहर हॅलोविनला दुसऱ्यांच्या भुतांवर का अवलंबून राहील? मारबतींची पूजा होते, त्यांना लोक नवस बोलतात, म्हणून काळी किंवा पिवळी मारबत स्वतः अंगावर घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. बडग्याची गोष्ट वेगळी आहे. तो दरवर्षी नव्याने रचला जातो आणि त्याचे काम टीका करण्याचेच आहे.

प्रौढांना शोभेल असा बडग्या म्हणजे डास. पावसाळा संपताना डेंग्यूच्या तापाने घरोघरी त्रास दिलेला असतो, त्यामुळे अर्थ विचारण्याची वेळ कोणावर येत नाही. काळा सदरा आणि काळी पँट घालावी, हातापायांवर पांढऱ्या टेपचे आडवे पट्टे घ्यावेत, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या पायांवर तसेच पांढरे पट्टे असतात. पंखांसाठी बांबूच्या कमच्या किंवा जाड तार वाकवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणावे आणि ते दप्तरासारख्या दोन पट्ट्यांनी पाठीला अडकवावेत. सोंड कागदाच्या गुंडाळीची असावी आणि कपाळाच्या पट्टीला अशी बांधावी की जेवताना वर सारता येईल. पाठीवर ‘साचलेले पाणी हेच माझे माहेर’ असा फलक लावल्यास बडग्याची परंपरा पूर्ण होते. साहित्याचा खर्च ममीपेक्षा जास्त, तरी मर्यादेच्या आतच राहतो. वेळ एक संपूर्ण रविवार लागतो आणि पंख काढून हातात न्यावे लागतात, त्यामुळे मागे बसणारा सोबती हवा. पण लक्षात राहण्याच्या कसोटीवर याच्या जवळपास दुसरे काही नाही. गटाने जाणाऱ्यांनी तर हाच घ्यावा: एक डास, एक खड्डा, एक वीजबिल.

रंगभूषेत पैसे वाचवू नयेत. होळीचा कोरडा रंग, भिंतीचा रंग किंवा पोस्टर कलर चेहऱ्याला लावणे चुकीचे आहे. नाटकाच्या रंगभूषेचे सामान ठेवणाऱ्या दुकानातून त्वचेसाठीचा पांढरा आणि काळा रंग घ्यावा, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूस थोडासा लावून पाहावा आणि रात्री खोबरेल तेलाने उतरवावा. नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय रंगीत लेन्स घालू नयेत, कारण त्यांतून डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. नकली रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पुरतो. दिवाळी जवळ असल्याने पणत्या आणि फटाके आसपास असतात, तेव्हा लोंबणाऱ्या पट्ट्या, पदर आणि प्लास्टिकचे पंख आगीपासून दूर ठेवावेत. सिंथेटिक कापड पेटल्यावर वितळून त्वचेला चिकटते आणि खोल भाजते, हे सुती कापड निवडण्याचे आणखी एक कारण.

एकट्याने जाणाऱ्याने आणि दुचाकीशिवाय पर्याय नसणाऱ्याने ममी करावी. कार्यालयातून थेट जायचे असेल तर लुगडे आणि ते सँडल पिशवीत ठेवून हडळ सोयीची पडते. तिघे-चौघे असतील आणि मधला एक रविवार मोकळा असेल, तर बडग्याच करावा. दिवाळीची आवराआवर सुरू झाली असेल, तर जुन्या कपड्यांवर भांडी घेण्याआधी एक सुती चादर, एक पांढरा कुर्ता आणि एक लुगडे आजच बाजूला काढून ठेवावे.