यूएसबीने जोडलेल्या उपकरणांना नावे द्यावीत ती कोणत्या पद्धतीने?

लिनक्स संगणकाला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने (सिरियल जोडणीचे उपकरण यूएसबीत लावू देणाऱ्या जोडणीने) एकाहून अधिक उपकरणे जोडायची असतील, तर प्रोग्राममध्ये त्यांचा उल्लेख कोणत्या नावाने करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात आवक आणि जावक मालाचे दोन वजनकाटे जोडताना मी ते ठरवले नव्हते. पावसाळ्यात वीज जाऊन परत आली आणि दोन्ही काट्यांच्या नावांची अदलाबदल झाली. पत्र्याच्या गुंडाळीचे वजन बोल्टच्या खोक्यासमोर लिहिलेले दिसले, तेव्हा दुपारभराच्या सगळ्या नोंदी चुकल्याचे लक्षात आले.

ही नावे कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, दिलेली होती: टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१. ती आपोआप मिळतात, परंतु त्यांतील आकड्यावरून उपकरण कितव्या क्रमाने सापडले एवढेच कळते. एकच उपकरण असले, तरी केबल क्षणभर सुटली आणि प्रोग्रामने जुना पोर्ट उघडाच धरून ठेवला असला, तर तेच उपकरण पुढच्या आकड्याने परत येते. नेटवर्क कार्डांच्या ईटीएच०, ईटीएच१ या नावांतही हाच दोष होता. म्हणून २०१३ मध्ये सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्डाच्या जागेवरून ठरणारी ईएनपी३एस० अशा धर्तीची नावे आली.

सिरियल उपकरणांसाठी यूडेव्ह, म्हणजे लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांची नावे सांभाळणारा प्रोग्राम, दोन प्रकारच्या लिंक (मूळ नावाकडे नेणारी पर्यायी नावे) स्वतःच तयार करतो. ‘बाय-आयडी’मध्ये उत्पादक, मॉडेल आणि अनुक्रमांक येतात, त्यामुळे उपकरण कोणत्याही पोर्टात घातले तरी नाव तेच राहते. एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आर चिपमध्ये सहसा स्वतंत्र अनुक्रमांक असतो, तेथे ही पद्धत उत्तम चालते. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या सीएच३४० चिपच्या कन्व्हर्टरमध्ये मात्र तो बहुधा नसतो. असे दोन सारखे कन्व्हर्टर लावले, की दोघांच्या वाट्याला एकच नाव येते. ‘बाय-पाथ’ पोर्टावरून ठरतो. बिघडलेल्या कन्व्हर्टरच्या जागी नवा लावला तरी नाव टिकते, पण साफसफाईत कोणी प्लग शेजारच्या पोर्टात घातला तर टिकत नाही.

माझी पसंती यूडेव्हचा स्वतःचा नियम लिहिण्याला आहे, कारण त्यात उपकरणाच्या कामावरून नाव देता येते: ‘काटा-आवक’, ‘काटा-जावक’. ते रोमन अक्षरांत लिहावे आणि त्यात कंपनीचे नाव घालू नये, कारण कन्व्हर्टर बदलला तरी काम तेच राहते. मूळ नाव बदलण्याची सोय यूडेव्हमध्ये फक्त नेटवर्क कार्डांसाठी आहे. येथे नियमात सिमलिंकच, म्हणजे वरच्यासारखी लिंकच, लिहावी लागते. नियम कशाच्या आधारे लिहायचा, हे उपकरणाची माहिती दाखवणाऱ्या ‘यूडेव्हएडीएम इन्फो’ या आज्ञेने तपासावे. अनुक्रमांक दिसला तर तो घ्यावा. नसेल तर पोर्टाचा मार्ग घ्यावा आणि प्लग व पोर्ट दोन्हींवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी. आमच्या काट्यांना आवकसाठी हिरवी आणि जावकसाठी लाल पट्टी आहे.