गोल्फर्स एल्बो आणि पिळायचा रबरी दांडा: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

फूटभर लांबीचा, मुठीत नीट बसणारा, अंगावर खाचा असलेला रबरी दांडा. ट्विस्ट बार म्हणून मिळतो. कडकपणा रंगावरून ओळखायचा: पिवळा सगळ्यात मऊ, मग लाल, हिरवा आणि शेवटी निळा. मी लालपासून सुरुवात केली, आता हिरव्यावर आहे. रंगांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. माझे दोन्ही दांडे वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत आणि पहिल्या दिवशी हिरवा लालपेक्षा मऊ आहे की काय अशी शंका आली होती. जमलं तर दुकानात जाऊन पिळून बघा.

दुखणं होतं उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजेच गोल्फर्स एल्बो. तिथे हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथूनच मनगट तळव्याकडे वाकवणारे स्नायू निघतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याला हा त्रास बहुतेक वेळा उजव्या कोपरात होतो. डाव्या कोपराच्या बाहेरून दुखत असेल तर तो टेनिस एल्बो, आणि रॅकेट हातात न धरताही गोल्फवाल्यांना तो भरपूर होतो. माझी मजल दुधाची पिशवी फ्रीजमधून काढताना 'आई गं' म्हणण्यापर्यंत गेली होती.

कारण सरळ आहे. शॉट फॅट बसला, म्हणजे चेंडूआधी जमीन लागली, की झटका थेट कोपरात जातो. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर पावसाळ्यात ओल्या जमिनीत आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब, म्हणजे काठी) रुततो, तेव्हा निदान कळतं तरी. रेंजवरची, म्हणजे सरावाच्या जागेवरची, मॅट जास्त लबाड. तिच्यावर क्लब घसरून पुढे जातो, चेंडू बरा उडतो, आपण खूश. आणि खालच्या काँक्रीटचा हिशोब कोपर मांडत बसतं. माझ्या कॅडीने हे फिजिओच्या आधी ओळखलं होतं. "साहेब, मॅट सोडा, गवतावर या," एवढंच तो म्हणायचा.

आता व्यायाम. दुखऱ्या हाताचं मनगट तळव्याकडे वाकवून दांडा उभा धरायचा. दुसऱ्या हाताने वरचं टोक पकडून पीळ भरायचा. तो पीळ तसाच धरून दोन्ही हात समोर सरळ करायचे. मग चांगला हात घट्ट ठेवून, दुखऱ्या मनगटाने पीळ सावकाश सोडायचा. खरा व्यायाम या सोडण्यातच आहे: स्नायू ताणाखाली लांब होतो आणि कंडराला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) हळूहळू भार सोसायची सवय लागते. पंधरा वेळा, असे तीन सेट, रोज. फिजिओ मॅडम शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "काका, चार आकडे मोजा. तुमचे दोनातच संपतात." रबर सुटायला बघतं, त्याला रोखून धरताना कोपरापासून मनगटापर्यंतची नस थरथरते. ती थरथरत नसेल तर दांडा मऊ आहे किंवा तुम्ही घाई करताय.

सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. डब्यातल्या कागदावर फक्त टेनिस एल्बोची चित्रं होती. त्यात मनगट उलट, म्हणजे हाताच्या पाठीकडे वळवून सुरुवात करतात. आतल्या बाजूला दुखणाऱ्याने ती चित्रं बघून महिनाभर घाम गाळला, तर भलत्याच स्नायूंना व्यायाम होणार. एकदा फिजिओकडून दिशा समजून घ्याच.

पहिले काही आठवडे काहीही फरक नाही. कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्या सावकाशच सुधारतात. दीडेक महिन्यानंतर सकाळचा ताठरपणा गेला, दिवाळीच्या सुमारास पूर्ण अठरा होल खेळलो. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं तर सेट कमी करायचे. हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर हा दांडा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

बाकी किरकोळ: सुरुवातीला रबराचा उग्र वास, गाडीत उन्हात ठेवला की चिकट, घामाने निसटतो. टाल्कम पावडर लावली की भागतं.

विक्रेत्यांनी याला 'गोल्फ फिटनेस' म्हणून कंबर आणि स्विंगच्या वेगाशीही जोडलंय, ते सोडून द्या. कंबरेसाठी याचा काडीचा उपयोग नाही. कंबरेचे मणके फार थोडे फिरतात. पीळ खुब्यातून आणि छातीमागच्या मणक्यांतून यायला हवा, तिथे आखडलं की कंबर भरडली जाते. त्यासाठी सेतुबंधासन आणि ओणवं होऊन, एक हात मानेमागे ठेवून कोपर छताकडे फिरवणं, हे पहिल्या टीआधी, म्हणजे खेळ सुरू करण्याआधी, दहा मिनिटं पुरतं. क्लबात कंबर धरून बसलेला प्रत्येक जण टायगर वुड्सचा दाखला देतो: 2017 साली मणके जोडून घेतले आणि 2019 ला मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला. ती त्याच्या पाठीची चौथी शस्त्रक्रिया होती, हे मात्र कुणी बोलत नाही.

निळा घ्यावा का, असं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, हिरवाच आठवड्यातून तीनदा चालू ठेवा आणि ते पैसे ग्रिप (क्लबच्या मुठीवरचं आवरण) बदलायला वापरा. गुळगुळीत झालेल्या ग्रिपमुळे मूठ आवळली जाते आणि ताण पुन्हा त्याच जागी येतो. आयर्न्सच्या ग्रिप बदलून झाल्यात, वेजेसच्या (जवळच्या फटक्यांच्या क्लबच्या) राहिल्यात.