ऑस्ट्रेलियात आईबाबांची एज्ड केअर: घरी मदत, जवळचं होम, का एखाद्या समाजाचं होम?

आईबाबांना इकडे आणून दहा-पंधरा वर्षं झालेली बरीच मराठी घरं आता एकाच ठिकाणी येऊन अडकलीयेत. बाबा ऐंशीच्या पुढे, आई विसरायला लागलीये, दोघंही मुलं नोकरीला, आणि प्रश्न असा की घरीच मदत घ्यायची, का घराजवळच्या नेहमीच्या होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना राहायला ठेवतात त्या केंद्रात, ठेवायचं, का लांब असलं तरी एखाद्या विशिष्ट समाजासाठी चालवलेलं होम बघायचं. मी मेलबर्नच्या वेस्टला एज्ड केअरमध्येच, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीत, काम करते, केअरर म्हणून, आणि हा प्रश्न मला आपल्या लोकांकडून सारखा येतो, म्हणून एकदा नीट लिहितेय.

आधी कायद्याचं सांगते, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुनंच आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा एज्ड केअर ॲक्ट लागू झालाय, १९९७ चा जुना गेला. नव्या कायद्यात म्हाताऱ्या माणसाच्या हक्कांची यादीच दिलीये आणि त्यात भाषा, धर्म, संस्कृती ओळखून सेवा मिळण्याचा हक्क स्पष्ट आहे. म्हणजे आईला शाकाहारी जेवण मागणं किंवा आंघोळीला बाईच हवी म्हणणं ही मेहेरबानी मागणं नाहीये. आपल्या लोकांना संकोच फार वाटतो, "उगाच कशाला त्यांना त्रास" म्हणतात, आणि मग आई वर्षभर चीज सँडविच खाते. असं करू नका हो.

घरी मदत

घरी मदत मिळण्याची सरकारी योजना म्हणजे पूर्वीची होम केअर पॅकेजेस, ती जाऊन आता सपोर्ट ॲट होम आलंय, त्यात ८ लेव्हल आहेत. असेसर, म्हणजे गरज तपासणारा माणूस, घरी येऊन लेव्हल ठरवतो. नर्सिंग, फिजिओ अशा क्लिनिकल गोष्टींना तुमच्या खिशातून काही जात नाही, साफसफाई आणि बागकाम अशा घरकामाला सगळ्यात जास्त वाटा द्यावा लागतो. मंजुरी आली म्हणजे मदत लगेच सुरू झाली असं नसतं, वेटिंग असतं, त्यामुळे आई पडायची वाट बघू नका, आधीच माय एज्ड केअर या सरकारी सेवेला १८०० २०० ४२२ वर फोन करून ठेवा. इंग्लिश नको असेल तर टीआयएस या सरकारी दुभाषा सेवेच्या १३१ ४५० वरून दुभाषा घेऊन बोलता येतं.

घरी राहण्याचा फायदा सांगायलाच नको. स्वयंपाकघर आपलं, देवघर आपलं, बादली-तांब्याने आंघोळ, संडासात जेट स्प्रे, संध्याकाळी दिवा लावायचा तर कोणाला विचारायला नको. येणारी केअरर कोण हेही थोडंफार निवडता येतं, वेस्टला तर हिंदी बोलणारी मिळणं अवघड नाही, मराठी बोलणारी मिळाली तर नशीब. जेवण बनवायला आणि पोचवायला पैसे मिळतात, पण किराण्याचे मिळत नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता अडचण. ही मदत तासांची आहे. सकाळी एक तास आंघोळीला कोणी येईल, दुपारी कोणी जेवण गरम करून देईल, पण बाकीचे तास घरच्यांचे, आणि खरं बोलायचं तर बहुतेक घरांत ते सुनेचे किंवा मुलीचे असतात. आई रात्री उठून दार उघडून बाहेर जायला लागली की सपोर्ट ॲट होम पुरत नाही. आणि अजून एक, मुलं कामाला गेल्यावर मेलबर्नच्या वेस्टला टार्नीटमधल्या चार बेडरूमच्या घरात आई दिवसभर एकटी टीव्हीसमोर असेल तर घर आपलं असूनही बोलायला माणूस नाही. घरची मदत निवडली तर आठवड्यातून दोन दिवस तरी डे ग्रुप, मंदिर, मंडळातला ज्येष्ठांचा कट्टा, काहीतरी जोडाच.

असेसमेंटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथेच आपली घरं हरतात. असेसर येणार म्हटल्यावर आई चांगली साडी नेसते, चहा करते, आणि प्रत्येक प्रश्नाला "छान आहे, सगळं करते मी" म्हणते. पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही ही तिची आयुष्यभराची शिस्त आहे, त्यात तिची चूक नाही, पण असेसर जे ऐकेल ते लिहिणार आणि लेव्हल खालची मिळणार. म्हणून दुभाषा मागा, स्वतः भाषांतर करू नका, कारण आपण आईचं बोलणं नकळत गुळगुळीत करतो. आणि असेसरशी पाच मिनिटं वेगळं बोलून रात्री काय होतं ते सांगा. तुमच्यापैकी अनेकांनी पीआरच्या, म्हणजे कायमच्या व्हिसाच्या, ५ पॉइंट्ससाठी मराठीची सीसीएल ही भाषांतराची परीक्षा दिली असेल, ती पास असली तरी आपण आईचे दुभाषी होऊ शकत नाही, आपण तिची मुलं आहोत.

विसरण्याची तपासणी असेल तर रुडास नावाची टेस्ट विचारा. ती सिडनीतच तयार झाली, २००४ मध्ये आली, वेगवेगळ्या भाषांच्या आणि कमी शिकलेल्या माणसांनाही चालावी म्हणूनच केलेली. नेहमीची टेस्ट इंग्लिशमध्ये घेतली तर सातवीपर्यंत शिकलेल्या आजीचे मार्क विसरण्यामुळे गेले का भाषेमुळे, तेच कळत नाही.

जवळचं नेहमीचं होम

पैशाचं आधी. सरकारी मदत घेणाऱ्या कुठल्याही होममध्ये रोजची बेसिक फी सारखीच, एकट्या माणसाच्या सरकारी म्हातारपणाच्या पेन्शनच्या ८५ टक्के. फरक पडतो तो खोलीच्या किमतीत. परवानगी न घेता खोलीचं किती डिपॉझिट लावता येतं याला मर्यादा आहे, २०२५ च्या सुरुवातीला ती ७,५०,००० डॉलर होती आणि ती दरवर्षी १ जुलैला बदलते, आणि १ नोव्हेंबर २०२५ नंतर आत गेलेल्यांच्या डिपॉझिटमधून होम दरवर्षी २ टक्के कापून ठेवतं, ५ वर्षांपर्यंत. पेन्शनला साधारण १० वर्षं इथे राहिलेलं लागतं, त्यामुळे उशिरा आलेल्या आईबाबांचा हिशोब वेगळा होतो, तो आधी करून घ्या.

जवळच्या होमची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही कामावरून येताना अर्धा तास डोकावू शकता. डब्यात वरणभात घेऊन जाऊ शकता. मला विचाराल तर हा अर्धा तास कुठल्याही ब्रोशरपेक्षा मोठा आहे, कारण ज्या आजीचं कोणीतरी रोज येतं तिच्याकडे स्टाफचंही लक्ष जास्त जातं, हे मी रोज बघते.

दुसरं म्हणजे, ज्याला आपण "गोऱ्यांचं होम" म्हणतो तिथे रात्रीच्या शिफ्टला कोण असतं ते एकदा जाऊन बघा. पंजाबी, मल्याळी, नेपाळी, फिलिपिनो मुलंमुली. आईला हिंदी येत असेल तर पहाटे ३ वाजता तिच्याशी बोलणारं कोणीतरी सापडण्याची शक्यता अशा होममध्ये बरीच असते. हे महत्त्वाचं का, तर डिमेन्शियात, म्हणजे विसरण्याच्या आजारात, नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. बँकेत तीस वर्षं इंग्लिश वापरलेले काका शेवटी फक्त मराठीत पाणी मागतात, आणि त्यांना न कळणारी माणसं भोवती असली की ते चिडतात, मग फाइलमध्ये "आक्रमक वागणूक" असं लिहिलं जातं. तहान लागलेली असते फक्त.

जेवण ही इथली कमजोर बाजू. व्हेजिटेरियन म्हणजे अंडं चालतं, कधी मासेही चालतात असं किचनवाल्यांना वाटतं, जेलीत जिलेटिन असतं, सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असतं. हे तोंडी सांगून उपयोग नाही, केअर प्लॅनमध्ये, म्हणजे आईची काळजी कशी घ्यायची ते लिहिलेल्या कागदात, एकेक शब्द लिहून घ्यायचा. उपास असेल तर चतुर्थी-एकादशीच्या तारखा आणि काय चालतं तेही लिहा. गिळायला त्रास झाला की जेवण मिक्सरमधून काढून देतात आणि तेव्हा तर आईच्या ताटात नक्की काय आलंय ते ओळखूही येत नाही, त्या वेळी मऊ मेतकूट भात, ताकातलं पातळ पिठलं, नाचणीची आंबील हे आपलं जेवण किती सोयीचं आहे ते शेफला आणि स्पीच पॅथॉलॉजिस्टला (गिळण्याचा त्रास तपासणाऱ्या तज्ज्ञाला) बसून समजावा. बहुतेक जण ऐकतात, त्यांना माहीतच नसतं.

दिवा लावायला मिळणार नाही, आगीचा नियम असतो, बॅटरीचा दिवा चालतो. मंगळसूत्र, जानवं काढायचं नाही हेही लिहून द्या, आंघोळीच्या घाईत कोणी काढून ड्रॉवरमध्ये टाकलं की त्या माणसाला काय वाटतं ते शब्दात सांगता येत नाही.

एखाद्या समाजाचं होम

इटालियन लोकांसाठी सिडनीत स्कालाब्रिनी आहे, ग्रीकांसाठी मेलबर्नमध्ये फ्रोंडिथा केअर आहे, ज्यू आणि चिनी समाजाचीही आहेत. यातली इटालियन आणि ग्रीक माणसं मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर इथे आली, आपल्या आधी म्हातारी झाली, आणि त्यांनी वर्गण्या काढून संस्था उभ्या केल्या. आपलं तसं झालेलं नाही अजून. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६,७३,३५२ लोक इथे होते, इंग्लंडनंतर सगळ्यात जास्त, पण आपली गर्दी मुख्यतः २००० नंतरची आणि तरुण. त्यामुळे भारतीयांसाठी म्हणून जे आहे ते जास्त करून घरी येणाऱ्या सर्व्हिसेस आणि डे ग्रुप, पूर्ण होम क्वचित, आणि मराठी होम शोधत बसू नका.

मिळालं भारतीय विंग असलेलं होम, तर फायदा खरा आहे. चहा दुधात उकळलेला मिळतो, दिवाळी असते, शेजारी कोणीतरी हिंदी बोलणारं असतं, "आजी" म्हणून हाक मारतात, पहिल्या नावाने नाही. पण भारतीय म्हणजे आपलं असं धरून चालू नका. स्वयंपाकी पंजाबी असला तर रोज पनीर-राजमा, आणि कोकणातल्या आजीला ते पास्त्याइतकंच परकं. उलट ज्यांना मासे लागतात त्यांना शुद्ध शाकाहारी किचनमध्ये टाकणं हाही अन्यायच, सारस्वत किंवा मालवणी बाबांना शेवटची वर्षं बिनामाशाची काढायला लावू नका. आणि ते होम तुमच्यापासून सव्वा तास लांब असेल तर रोजची भेट महिन्यातून दोनदा होते.

काही नेहमीच्या होम्समध्ये एका भाषेची चार-सहा माणसं एका विंगमध्ये एकत्र ठेवतात, हा मधला मार्ग मला सगळ्यात आवडतो. तुमच्या भागात दोन-तीन मराठी किंवा गुजराती कुटुंबं एकाच वेळी जागा शोधत असतील तर एकत्र जाऊन मॅनेजरशी बोला.

आणि हो, परत पुण्याला हाही पर्याय लोक विचारतात. अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या सोसायट्या, नाहीतर स्वतःचा फ्लॅट आणि ब्युरोच्या मावशी. भाषा, जेवण, शेजार, सगळं आपलं, खर्चही कमी. पण तिकडे इथल्यासारखं सरकारी स्टार रेटिंग नाही, त्या वयात मेडिक्लेम मिळणं कठीण, आणि रात्री हॉस्पिटलला न्यायचं तर जवळचा माणूस हवा. पुण्यात बहीण-भाऊ, पुतण्या, कोणीतरी खंबीर असेल तरच जमतं. पीआरवर असतील तर बाहेर जाऊन परत येण्याची सोय ५ वर्षांची असते, तीही बघा.

मग निवडायचं कसं? आई बोलती-चालती आहे, दिवसा घरात कोणीतरी आहे, तर घरी मदत, दुसरा विचार नको. रात्रीची भीती सुरू झाली असेल आणि तिला हिंदी येत असेल तर मी जवळचं होम घेईन, लांबचं भारतीय नाही. तिला फक्त मराठीच येत असेल आणि शाकाहार कडक असेल तर थोडं लांब जाऊनही आपली माणसं असलेली जागा शोधेन, कारण तिथे किमान जेवणाचा झगडा रोज करावा लागणार नाही. बाबा आयुष्यभर कडक इंग्लिशमध्ये वावरलेत म्हणून त्यांना भाषेची गरज नाही असं मात्र समजू नका, वर सांगितलं तेच.

एकदम कायमचं ठरवू नका. सरकारी मदतीवर वर्षाला ६३ दिवस रेस्पाइट, म्हणजे होममध्ये तात्पुरतं राहणं, मिळतं, त्यातले दोन-तीन आठवडे निवडलेल्या होममध्ये ठेवून बघा. स्टार रेटिंग जरूर बघा, त्यात नर्सिंगचे मिनिटं वगैरे कळतात, पण तिथे कोणती भाषा बोलतात हे त्या स्टार्समध्ये नसतं. दुपारच्या टूरला सगळंच छान दिसतं, संध्याकाळी ७ नंतर जा. मागच्या आठवड्याच्या रात्रीच्या शिफ्टला कोण होतं, त्यांना कुठल्या भाषा येतात, एजन्सीचा स्टाफ किती असतो, आपसात मातृभाषेत बोलायला बंदी आहे का, हे विचारा. न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं कसं ओळखता हेही विचारा. त्यासाठी ॲबी पेन स्केल असतं, चेहरा, हालचाल, आवाज बघून मोजतात, आणि आपल्या म्हाताऱ्यांना ते फार लागतं कारण ती शेवटपर्यंत "ठीक आहे" म्हणतात. तक्रार ऐकत नसतील तर ओपॅन या म्हाताऱ्या माणसांच्या वतीने बोलणाऱ्या संस्थेचा १८०० ७०० ६०० नंबर आहे, फुकट आहे, मुलांच्या बाजूने नाही तर आईच्या बाजूने बोलतात.

एक प्रश्न लोक टाळतात, पण सही करण्याआधी विचाराच. आई शेवटच्या दिवसांत असेल तेव्हा आम्हाला रात्रभर खोलीत थांबता येईल का, तुळशीपत्र आणि गंगाजल तोंडात घालता येईल का, गिळण्याच्या नियमात ते अडेल का, गेल्यावर अंगाला हात कोण लावणार, आणि फ्युनरलवाले येईपर्यंत आम्हाला किती वेळ मिळेल. जो मॅनेजर हे ऐकून गडबडत नाही, वही काढून लिहून घेतो, त्याचं होम यादीत वर ठेवा.