किर्लोस्करांची वाट की वालचंदांची?

मराठी मुलखात धंद्याचा विषय निघाला की ही दोन नावं एका दमात घेतली जातात. दोघांनी इंग्रजी अमलात कारखाने उभारले, दोघांच्या नावाची गावं वसली, म्हणून दोघं एकाच माळेचे मणी असा समज झाला आहे. पण लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869–1956) आणि वालचंद हिराचंद (1882–1953) यांची धंद्याची रीत एकमेकांच्या उलट होती. नोकरी सोडायच्या बेतात असलेल्याने त्यातली एकच निवडावी. निवडताना आधी विचारायचा प्रश्न हा: आपलं गिऱ्हाईक कोण? थोड्या पैशाची वस्तू घेणारी हजार माणसं, की एकच मोठं सरकारी खातं?

सुरुवात: पैसा आणि वेळ

लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपण लक्षात आल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. धंदा सुरू झाला तो नोकरीत असतानाच: मुंबईहून सायकली पाठवायच्या, बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायला शिकवायचं. बढती डावलली गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा बेळगावातलं दुकान चालू होतं. इथे बहुतेक लोक चुकतात. ते आधी राजीनामा देतात आणि मग गिऱ्हाईक शोधतात.

वालचंद सोलापूरच्या व्यापारी घरातले, त्यामुळे पत होती. ठेकेदारीची माहिती मात्र नव्हती. ती आणली रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मण बळवंत फाटकांनी. 1903 च्या सुमारास भागीदारी झाली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात. बिल कोणत्या टेबलावर अडतं हे एकाला ठाऊक आणि मजुरी भागवायला दुसऱ्याकडे पैसा, अशी ती जोडी होती. आजही ठेकेदारीत उतरायचं तर भागीदार असाच हवा. दोघेही नुसते पैसेवाले किंवा दोघेही नुसते जाणकार असले, तर पहिल्याच अडकलेल्या बिलाला भांडण ठरलेलं.

वस्तू विकणं: नांगराचा धडा

इथे जरा थांबायला हवं, कारण वस्तू बनवणाऱ्याला जे जे अडतं ते सगळं या नांगरात आहे. आधी कडबा कापायचं यंत्र आलं. गुरं कडब्याची जाड धांडं टाकून देतात, बारीक कुट्टी केली की तोच कडबा जास्त दिवस पुरतो. हा फायदा शेतकऱ्याला गोठ्यात उभ्या उभ्या दिसायचा. 1903 च्या लोखंडी नांगराचं तसं नव्हतं. हरळी-कुंद्यासारखं तण मुळापासून काढायला खोल नांगरट लागते, ती लाकडी नांगराने होत नाही. पण त्याचा गुण दिसायला हंगाम जावा लागतो. शिवाय लोखंडाने जमिनीत विष पसरतं, अशी समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

यावरून हिशेब असा बांधावा. फायदा लगेच दिसणारी वस्तू असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च आणि भाडं बाजूला ठेवून उतरायला हरकत नाही. सवय बदलायला लावणारी वस्तू असेल तर दीड-दोन वर्षांची तरतूद हवी, आणि पोट भरणारी दुसरी वस्तू आधीच चालू हवी. सुटे भागही पहिल्या दिवसापासून ठेवावेत. फाळ झिजणारच. पेरणीच्या तोंडावर तो मिळाला नाही, तर त्या गावात पुढचा नांगर खपायचा नाही.

बेळगावात नगरपालिकेच्या विस्तारासाठी जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाने कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. 32 एकर, निवडुंग आणि साप. 10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. कारखाना हलला तरी धंदा टिकला, कारण गिऱ्हाईक गावोगाव विखुरलेलं होतं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर ठेवलं, त्याचं कौतुक होतं ते योग्यच. पण ओसाड माळावर कामाला येणारी माणसं आणि त्यांचा विश्वास मिळवणं ही कारखान्याची गरजही होती, हेही विसरू नये.

मोठी उडी: बोटी, विमानं, मोटारी

वालचंदांचा स्वभाव वेगळा. संधी दिसली की आधी हात घालायचा, जुळवाजुळव मागाहून. 1919 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडची ‘लॉयल्टी’ ही बोट वालचंदांनी भागीदारांसह काढलेल्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने घेतली आणि 5 एप्रिलला ती मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. बोट मात्र जुनी होती, चार-पाच वर्षांत मोडीत निघाली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडली, आणि 1923 च्या करारात सिंधियाला किनारी वाहतुकीपुरतं राहणं मान्य करावं लागलं. नरोत्तम मोरारजींसारखे भागीदार नसते तर कंपनी तेवढीही टिकली नसती.

1939 मध्ये विमानप्रवासात वालचंदांना विमानांच्या धंद्यातले अमेरिकन विल्यम पॉली भेटले. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भांडवलासह बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानं बनवणारी कंपनी उभी राहिली आणि 1941 मध्ये तिथलं पहिलं विमान उडालं. ही गती थक्क करणारी आहे. पण 1942 मध्ये, जपान युद्धात उतरल्यावर, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. सिंधियाच्या विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी गोदीची पायाभरणी 1941 ची, पहिली बोट ‘जलउषा’ 1948 ची. 1952 मध्ये या गोदीचीही मालकी बहुतांशी सरकारकडे गेली. दोन्हीकडे धंदा सरकारवर अवलंबून होता; विमानांच्या कारखान्यात तर गिऱ्हाईक, परवाना देणारा आणि भागीदार तिन्ही सरकारच होतं. वालचंदांच्या कर्तृत्वात उणीव नव्हती. या तऱ्हेच्या धंद्यातच तो धोका असतो.

आज ठरवायचं असेल तर

आमचा कौल असा: हाताशी कारागिरी असेल आणि भांडवल बेताचं असेल, तर किर्लोस्करांची वाट. ठेकेदारीत शिरायचं तर अनामत, अडकलेली बिलं आणि मजुरी मिळून किमान सहा महिने पुरेल एवढी रोकड हवी. कोणत्याही एका खात्याकडचं येणं एकूण येण्याच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नये. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे. पण बांधकामासारख्या ठेक्यांना तो लागू होतो का यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. तेव्हा करारातच मुदत आणि व्याज लिहून घ्यावं.

घर मागे उभं आहे का, हेही बघावं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव 1926 मध्ये अमेरिकेतून इंजिनिअर होऊन आले आणि पुढे तेल-इंजिनं, विजेच्या मोटारी त्याच कारखानदारीतून फुटल्या. वालचंदांच्या हाताशी मुलगा नव्हता. 1949 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा बांधकाम, साखर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर मोटारींचा पसारा भावांनी सांभाळला.